‘पाहुणा’ म्हणालास तू

पांताखेवी, १२ ऑक्टोबर २००३

जुंबेर,

‘प्रिय’ लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. हे पत्र शोताच्या मिनीबसमधून येईल. सोबत चीज आहे आणि द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या चुर्चखेला माळा. त्या तुझ्यासाठी मुद्दाम केल्यात असं समजू नकोस, शोताच्या गाडीत जागा होती.

आपल्या द्राक्षमळ्यात खुंट्या ठोकल्यात, लाल फडकी बांधलेल्या. परवा सकाळी मी टोपल्या आणायला गेले तर तिघंजण दोरी धरून वेलींमधून फिरत होते. त्यातल्या एकानं मला बघून हात हलवला, जशी काही मीच त्याच्या मळ्यात शिरलेय. कोणाला विचारून आलात म्हटलं, तर म्हणतो, तुमच्याच भावाला विचारून. बोल आता.

मी त्या खुंट्यांच्या रांगेनं शेवटपर्यंत चालत गेले. शेजारच्या ओतारच्या बटाट्याच्या शेतातून ती खाली उतरते, आपल्या कुंपणात शिरते आणि बरोब्बर झेदाशेच्या रांजणावरून पुढे जाते. एक खुंटी तर झाकणाच्या दगडाला टेकवून ठोकलीय. मी ती उपटून फेकून दिली. संध्याकाळी पुन्हा तिथेच ठोकलेली होती.

तिबिलिसीत राहून माणूस बरंच विसरतो, म्हणून तुला आठवण करून देते. विकायच्या वाइनचे रांजण आपल्या घराशेजारी आहेत. ते हलवा, फोडा, मी एक शब्द बोलणार नाही. पण हा मळ्याच्या वरच्या टोकाला एकटाच गळ्यापर्यंत पुरलेला आहे तो देवाचा. त्यातली वाइन विकायची नसते, उसनी द्यायची नसते, परक्याला पाजायची नसते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि नोव्हेंबरात, गिओर्गोबाच्या सणाला झाकण काढायचं, मेणबत्ती लावायची, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागायचं आणि घरच्यांनीच ती प्यायची. आजोबांच्याही आधीपासून तो त्या जागेवरून हललेला नाही. सामूहिक शेतीवाल्यांनी मळा घेतला होता तेव्हा त्यांचा ब्रिगेडियर मुकादम, तो देवाला शिव्या घालणारा माणूस, तोसुद्धा नांगर त्या रांजणाच्या बाजूनं वळवून न्यायचा. आणि आता तू.

आता वसंतातल्या त्या जेवणाचं बोलू या. तुझ्या कंपनीच्या त्या परदेशी बाईचा दुभाष्या होऊन तू आलास, शाळेच्या अंगणात टेबलं मांडलीस, कंपनीच्या पैशानं डुकरं भाजलीस आणि प्याले उचलून भाषणं करणारा तामादा स्वतःच होऊन बसलास. तामादा तू चांगला होतोस, ते मी नाकारत नाही. लहानपणापासून तुझी जीभ गोड. बाई तिच्या भाषेत लांबलचक बोलली. तिच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता, ‘ट्रान्झिट’. ओतार फौजेत होता, त्याला तो कळतो. मलाही कळतो. पण आम्ही काही म्हणायच्या आत तू वाइनचं शिंग भरून उभा राहिलास. म्हणालास, ‘मंडळी, एक पाहुणा बाकूहून निघालाय. त्याला समुद्राकडे जायचंय. तो आपल्या दारावरून जाणार आहे. हा प्याला त्या पाहुण्याचा.’

अख्खं गाव उभं राहिलं. बाबांनी शिंग तळापर्यंत रिकामं करून उलटं धरून दाखवलं. बायकांनी डोळे पुसले. मीसुद्धा प्याले, मूर्खासारखी.

आणि मग कोणी काही मागितलंच नाही. दारावरून जाणाऱ्या पाहुण्याला कोण विचारतं, की बाबा रे, जाता जाता माझ्या घराला काय देणार? आपल्याकडे अशी जीभ वळतच नाही. खालच्या गावात तू गेला नव्हतास, तिथे दुसराच कोणी गेला होता, त्यानं साधं सरळ सांगितलं की दोन नळ टाकायचेत, एकातून तेल जाईल, एकातून गॅस. खालच्या गावानं भांडून घरोघरी गॅस मागून घेतला, रस्ताही मागून घेतला. आमच्या पोटाखालून अर्ध्या जगाचा गॅस जाणार आणि आम्ही लाकडं फोडणार. ओतार मला रोज विचारतो, लामारा, तुझ्या भावाचा पाहुणा आला का, अंथरूण टाकू का. मी काय उत्तर देऊ?

तुला एवढंच सांगायचंय की लाइन थोडी वर सरकव. वर ओसाड माळ आहे, दगडांशिवाय काही नाही. तुझा तिथे शब्द चालतो असं तूच सांगत असतोस. मग चालव.

बाबा ठीक आहेत. रांजणाचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. खुंट्या त्यांनी पाहिल्या नाहीत. काल अगदी शेजारून गेले, पण ऊन डोळ्यांवर होतं.

लामारा

•

पांताखेवी, २७ नोव्हेंबर २००३

जुंबेर,

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर लिहिलंयस. घरी लिहायला तुला साधा कागद मिळत नाही का?

लिहितोस की लाइन आता सरकणार नाही, नकाशे पक्के झालेत. पण कंपनी ‘तज्ज्ञ’ पाठवील, ते पट्टे बांधून क्रेननं रांजण अलगद उचलतील आणि आपण सांगू तिथे पुन्हा पुरतील. अरे, तो काय फ्रीज आहे, ह्या भिंतीचा त्या भिंतीला लावायला? ती जागा आहे म्हणून तो रांजण देवाचा आहे. जागा सोडली की उरली ती माती. हे तुला मी सांगायचं? तुझ्या बाप्तिस्म्याचं पाणी कुठे ओतलं होतं ते तरी आठवतंय का?

आणि खाली ते भाषण. आपला देश एवढासा. आपल्याकडे तेल नाही, गॅस नाही, आपल्याकडे फक्त वाट आहे, आणि वाट हीच आपली कमाई. ती आपण दिली नाही तर दुसरा देईल आणि आपण पुन्हा रशियाच्या तोंडाकडे बघत बसू. जुंबेर, हे मला कळत नाही असं तुला का वाटतं? रशियानं गॅस बंद केला तेव्हाच्या हिवाळ्यात शाळेची बाकं मीच जाळलीत. तू आणि मी एका कांबळ्यात बसून लोबियोचा कच्चा राजमा दाताखाली फोडत होतो, कारण शिजवायला काही नव्हतं. मी तुझ्या नळाच्या विरोधात नाही. जाऊ दे त्याला समुद्राला. मी एका रांजणाबद्दल बोलतेय. एवढा मोठा देशाचा प्रश्न, आणि तो एका रांजणाला वळसा घालू शकत नाही?

गिओर्गोबा झाली. तुमच्या तिबिलिसीत लोक गुलाब घेऊन संसदेत घुसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ओतारनं रेडिओ मळ्यात आणला होता, तो कानाला लावून बसला होता आणि अध्यक्ष गेला म्हणून नाचत होता. बाबा त्याला म्हणाले, अध्यक्ष येतात जातात, तू आधी टोपी काढ. मग त्यांनी झाकण काढलं.

त्यांना कळलंय. मी नाही सांगितलं, ओतारच्या तोंडून गेलं. मला वाटलं ते ओरडतील, काठी घेऊन खुंट्या झोडतील. तसं काही झालं नाही. म्हणाले, जुंबेर तिथे आहे ना? मग जुंबेर बघेल.

आणि नावं घेताना पहिलं नाव तुझं घेतलं. तुझं आधी, मग माझं. जी त्यांचं रोज करते, धुते, खाऊ घालते, तिचं नंतर. मी मेणबत्ती धरून उभी होते, नाहीतर तिथेच तोंड उघडलं असतं. तुझ्यासाठी मागणं काय मागितलं ते सांगणार नाही. तुझी तेवढी लायकी नाही.

वाइन ओतताना त्यांचा हात थोडा चुकला, अर्धी मातीत गेली. थंडीनं हात कापत होता, बाकी काही नाही.

लामारा

•

पांताखेवी, २ मार्च २००४

जुंबेर,

आज हे मुद्दाम लिहायला बसले. ओतारच्या शेतात खोदकामाआधी पाहणी करणारे आले होते. त्यांना एक थडगं सापडलं. फार जुनं, येशूच्याही आधीचं म्हणतात. आत एका बाईची हाडं आणि कांशाची बांगडी. तिचं नाव कोणाला माहीत नाही, गाव माहीत नाही, ती आपल्या देवाची होती की कोणाच्या ते माहीत नाही.

आणि लाइन वळली, जुंबेर. तिच्यासाठी वळली. ओतारच्या शेतातून ती बाजूला गेलीय, खुंट्या काढून दुसरीकडे ठोकल्या. नकाशे पक्के होते ना? आणि तिच्यासाठी वळून, आपल्या कुंपणाशी पुन्हा रांगेत येऊन, सरळ रांजणावर.

मेलेल्यांसाठी नियम आहे म्हणे. आम्ही काय करायचं मग, मरायचं का?

लामारा

•

पांताखेवी, ९ मे २००४

जुंबेर,

तू निघालास तेव्हा मी दार लावून घेतलं. तोंडावर बोलायचं होतं ते आता लिहिते. तू तिथेच उभा होतास, पण तू काय ऐकलंस मला माहीत नाही. मी काय ऐकलं ते वाच.

आदल्या संध्याकाळी नातिया आपल्या घरी आली होती. तीच ती, जुनी भांडीकुंडी तपासणारी मुलगी, बूट चिखलाचे, केस कापलेले. ती थडग्याची पाहणीही तिनंच केली होती. मी तिला चीज भरलेली खाचापुरी वाढली. तिनं ती खाल्ली नाही, नुसती तोडत बसली. मग म्हणाली, रांजण बघितला मी. साधा नाही, सतराव्या शतकातला असावा. तो बेवारस आहे, कोणी वापरत नाही, असं नोंदलं गेलं तर तो जुना अवशेष होतो आणि मी काम थांबवू शकते. लाइन वळेल. पण तो वापरात असेल तर ती घरातली वस्तू, गोठ्यासारखी. मग भरपाई आणि क्रेन. उद्या ती बाई विचारायला येणार आहे. तिच्यापुढे तुमच्या बाबांनी एवढंच म्हणायचं, की हा कोणाचाच नाही.

ती गेल्यावर मी बाबांच्या पाया पडले. आयुष्यात कधी पडले नव्हते. म्हटलं, एवढंच म्हणा आणि तो वाचतो. देव काय ऐकत बसलाय, देवाला सगळं कळतं. ते गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं तुला माहीत आहे. मला वाटलं, कबूल आहेत.

सकाळी तुम्ही आलात. परदेशी बाई, तिच्यासोबत ते हेल्मेटवाले दोघे आणि मधे तू, नवा कोट घालून. बाईनं विचारलं. तू आपल्या भाषेत विचारलंस, ‘बाबा, हा रांजण कोणाचा?’ तुझ्या आवाजावरून मला कळलं की नातिया तुझ्याशीही बोललीय. तू ‘कोणाचा’ वर जोर दिलास. तुला हवं ते उत्तर तू बाबांच्या तोंडात भरवत होतास, आणि जुंबेर, त्या क्षणी, देवाशपथ, मला तुझ्याबद्दल बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, ‘माझा. माझ्या बापाचा होता, त्याच्या बापाचा होता. परवा गिओर्गोबाला त्यातूनच प्यालो.’ आणि मग म्हणाले, ‘मी जिवंत असताना त्याला बेवारस म्हणू? जसं आहे तसं सांग त्यांना, पोरा.’

सगळे तुझ्याकडे बघत होते. त्या परदेशी माणसांना आपली भाषा ओ की ठो कळत नाही. नातिया खाली बुटांकडे बघत होती, ती काहीच बोलली नसती. ओतार मेलासुद्धा काही बोलला नसता. तू म्हणू शकला असतास, म्हातारा म्हणतो की आठवत नाही. म्हणू शकला असतास, फार जुना आहे, कोणाचाच नाही. एवढंसं वाक्य.

आणि तू खरं सांगितलंस. शब्द न् शब्द. नातियानं मला नंतर सांगितलं, की तू ‘परवा’सुद्धा सोडला नाहीस.

जुंबेर, शाळेच्या अंगणात त्या बाईच्या ‘ट्रान्झिट’चा तू ‘पाहुणा’ केलास तेव्हा तुझी जीभ अडखळली होती का? तेव्हा अख्ख्या गावाला खोटं सांगताना तुला बापाचं तोंड आठवलं नव्हतं. तेव्हा कंपनीचं काम होत होतं. आणि जेव्हा घरासाठी एक शब्द वाकवायचा होता तेव्हा तू एकदम संत झालास. एवढा प्रामाणिकपणा कुठे जपून ठेवला होतास? आमच्यासाठीच?

फाटकाशी तू मला काय म्हणालास? म्हणालास, ‘बाबा माझ्या डोळ्यांत बघत होते, लामारा. त्यांनी सांगितलेलं मी त्यांच्यासमोर बदलू?’

तुझ्या डोळ्यांत बघत नव्हते. त्यांना तू दिसतच नव्हतास. त्यांचे डोळे गेलेत. मागच्या उन्हाळ्यापासून गेलेत, आता एका डोळ्याला उजेड कळतो, बाकी काही नाही. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, मुलगा काम टाकून धावत येईल म्हणून. त्यांना वाटतं तू धावत येशील. आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभे होते ते. तू दिसलास म्हणून नाही, तुझ्या आवाजाकडे. तू एकाच छपराखाली चहा प्यालास त्यांच्याबरोबर, त्यांनी कप चाचपडत उचलला, आणि तुला दिसलं नाही. मग दोघांपैकी आंधळा कोण ते तूच ठरव.

यापुढे मला कंपनीच्या कागदावर लिहू नकोस. कुठल्याच कागदावर लिहू नकोस.

लामारा

•

पांताखेवी, २४ नोव्हेंबर २००४

जुंबेर,

मी लिहिणार नव्हते. बाबांनी लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते. ते समोर बसलेत आणि त्यांना वाटतंय मी त्यांचा निरोप लिहितेय. त्यांचा निरोप असा की ते बरे आहेत, तू जेवत जा, आणि झालं ते झालं. आता माझं ऐक.

रांजण फुटला. तुझे तज्ज्ञ, त्यांचे पट्टे, त्यांची क्रेन. बुडापासून सुटत नव्हता म्हणून यंत्रवाल्यानं थोडा हिसका दिला आणि तो मधेच उभा चिरला. त्यानं टोपी काढून बाबांची माफी मागितली, कुठल्या तरी लांबच्या देशाचा होता, त्याची भाषाही कोणाला येत नव्हती. मला त्याचा राग नाही आला. माझा सगळा राग वाटून झालेला आहे, त्याच्या वाट्याला उरला नाही.

आत वाइन नव्हती. आदल्या दिवशी बाबांनी गाव बोलावलं होतं. झेदाशेची वाइन परक्यांना पाजायची नाही हे ज्यांनी आम्हाला शिकवलं त्यांनीच घागरी भरभरून वाटली. म्हणाले, मातीत सांडण्यापेक्षा माणसांत जाऊ दे. ओतार हातात पेला घेऊन नुसताच उभा राहिला. बाबांनी हुकूम सोडला तेव्हा प्याला.

खड्डा बुजवला, नळ गेला, वर गवत पेरलं. गवत छान आलंय, तुमच्या कंपनीला सांग. त्या पट्ट्यात वेल लावायचा नाही, झाड लावायचं नाही, कुदळ खोल घालायची नाही. पिवळे खांब रोवलेत आणि घोड्यावरचा पहारेकरी दिवसभर फेऱ्या मारतो.

काल गिओर्गोबा. बाबा म्हणाले, जागा तर आहे ना तिथेच? मला हात धरून घेऊन चल. मी घेऊन गेले. विकायच्या रांजणातली वाइन घेतली, दुसरी कुठून आणणार. मेणबत्ती पेटवली आणि पहारेकरी घोडा फेकत आला. ताई, इथे आग चालत नाही, खाली गॅस आहे, माझी नोकरी जाईल. भला माणूस, घोड्यावरून उतरून हात जोडून बोलत होता. बाबांनीच फुंकर मारून विझवली. ज्योत कुठे आहे ते चेहऱ्याला लागणाऱ्या उष्णतेवरून शोधली त्यांनी. विझलेली मेणबत्ती धरून त्यांनी नावं घेतली आणि आम्ही परत आलो.

घरी येऊन मी शेगडीत लाकडं घातली. ओली होती, धूर झाला. पाहुणा चांगला आहे. आम्हाला काही त्रास देत नाही.

लामारा

•

पांताखेवी, १५ ऑक्टोबर २००६

जुंबेर,

तू दर महिन्याला बाबांसाठी शोताबरोबर औषधं पाठवतोस, ती पोचतात. डोळ्याचं ऑपरेशन करायला ते तयार नाहीत, या वयात काय बघायचं राहिलंय म्हणतात. तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. माझ्या नावाची उघडत नाही.

आज उघडून उत्तर लिहितेय असं नाही. एक काम आहे.

गेल्या शनिवारी तेत्रीत्सकारोच्या संग्रहालयात कंपनीनं नवी खोली उघडली. नळाच्या वाटेवर जे जे सापडलं ते काचेत मांडलंय. नातियानं आमच्यासाठी गाडी पाठवली होती. बाबांनी लग्नातला कोट काढला, ओतार दाढी करून आला. आत ती थडग्यातली बाई होती, बांगडीसकट, तिच्यावर छान दिवा सोडलाय. आणि खोलीच्या मध्यभागी आपला रांजण. तुकडे चिकटवून उभा केलाय. पहिल्यांदाच आख्खा दिसला मला. जन्मभर आपण त्याचं फक्त तोंड बघितलं होतं. केवढा मोठा होता तो, जुंबेर. मला माहीतच नव्हतं.

नातियानं दोरी सोडून बाबांना जवळ जाऊ दिलं. त्यांनी दोन्ही हात फिरवले, वरपासून खाली, गुडघे टेकून पार बुडापर्यंत. तोच आहे म्हणाले. मग विचारलं, पाटी आहे का? आहे म्हटलं. काय लिहिलंय वाच.

दोन भाषांत लिहिलंय. आपल्या भाषेत असं आहे: ‘झेदाशेचा रांजण. सतरावं शतक. पांताखेवी परिसर. मालक अज्ञात.’

ओतारनं माझ्या आधी वाचलं. मी नातियाकडे बघितलं तर ती लालबुंद. नंतर बाहेर मला बाजूला घेऊन म्हणाली, मजकूर मी लिहिला नाही, तो तिबिलिसीच्या ऑफिसातून आला, तुमच्या भावाच्याच टेबलावरून. मालकाचं नाव लिहिलं तर फुटला कसा हा प्रश्न येतो, म्हणून नाव काढलं. तिनं दोनदा कळवलं म्हणे. उत्तर आलं नाही.

तुझ्या तोंडानं ज्या रांजणाला तू मालक दिलास, तुझ्याच हातानं त्याचा मालक पुसलास. त्या दिवशी मळ्यात जो शब्द बोलून रांजण वाचला असता तो शब्द तू वाचवून ठेवलास, आणि रांजण फुटून काचेत गेल्यावर वापरलास. मी पाटीसमोर उभी होते. बाबा माझा दंड धरून विचारत होते, काय गं, बारीक अक्षर आहे का?

मी वाचलं. म्हटलं, ‘झेदाशेचा रांजण. सतरावं शतक. मालक, वलिको नात्रोश्विली यांचं घराणं, पांताखेवी.’

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. कोणी काही बोललं नाही. बाबांनी टोपी काढली. मग म्हणाले, ‘बघितलंस? त्या दिवशी जुंबेर खरं बोलला, म्हणून आज हे नाव तिथे आहे. तू उगाच पोराला बोलत होतीस.’

मला हे ऐकून घ्यावं लागलं. तुझ्यासाठी मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलंय, पण एवढं नाही.

आता काम सांगते. तेव्हापासून ते भेटेल त्याला पाटीचं सांगतात. मिनीबसमध्ये सांगतात, चर्चमध्ये सांगतात. गावानं ठरवलंय कोणी काही बोलायचं नाही, आणि ओतार राखण करतोय. पण बाबांच्या मनात भरलंय की पाटीवर दुसऱ्या भाषेतही आहे आणि ते त्यांना ऐकायचंय. ते माझ्याकडून नाही, मला ती भाषा येत नाही. तुझ्याकडून. गिओर्गोबाला जुंबेरला बोलावून घे म्हणाले, तिथे जाऊ, तो मला शब्द न् शब्द वाचून दाखवील, तो काही बदलत नाही.

तेव्हा ये. मी दार लावणार नाही. तुझ्यासाठी लोबियो करीन, पुढ्यात ताट ठेवीन, एक अक्षर बोलणार नाही. संग्रहालयात ते तुझा हात धरतील आणि विचारतील, मालक कोण लिहिलंय. नवा कोट घालायचा तर घाल, माझी हरकत नाही. पण तो प्रामाणिकपणा तिबिलिसीत ठेवून ये.

लामारा